कोल्हापूरहून धारवाडला जाताना : दोन राज्यांच्या दिव्यांग आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती), महाराष्ट्र
मा. राज्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती), कर्नाटक

विषय : प्रौढ स्वमग्न मुलांसह राज्य बदलणाऱ्या कुटुंबांची व्यवस्था लावण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहते. 33 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आता निवृत्त आहे. येत्या मे महिन्यात आम्ही राहते घर बंद करून धारवाडला कायमचे जाणार आहोत. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान, 31 वर्षांचा मुलगा आणि 27 वर्षांची मुलगी. दोघेही स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत. मुलाला दहाबारा शब्द बोलता येतात, मुलगी अजिबात बोलत नाही, चित्रांची कार्डे दाखवते. त्यांची नावे या पत्रात लिहीत नाही. ती चारचौघांत सांगायची की नाही हे त्यांनी ठरवायचे, आणि त्यांचे मत मला अजून विचारता आलेले नाही.

एकाच वेळी दोन आयुक्तांना पत्र का, असे वाटेल. माझे काम दोघांच्या मध्ये अडकले आहे म्हणून.

धारवाडच का, तेही सांगते. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली त्याला तीस वर्षे होऊन गेली. गेल्या वर्षी यजमानांची बायपास झाली. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले असताना बहिणीची मुलगी आली आणि म्हणाली, "मावशी, दादा आणि ताई पुढे माझ्याकडे राहतील. पण तुम्ही आत्ताच या. तुमच्या देखत त्यांना माझी सवय होऊ दे." माझी मुले दिवसभर ज्या केंद्रात जातात तिथे मुलांना सोडायला येणारा प्रत्येक पालक बाकावर बसून एकच गोष्ट बोलतो, आमच्यानंतर यांचे कोण. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, प्रौढांसाठीची निवासी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आम्ही साठी ओलांडलेली माणसे. त्या प्रश्नाला माझ्या घरात पहिल्यांदा कोणी उत्तर दिले होते, ते सोडून मी कोल्हापुरात राहू कशी?

आता तयारीबद्दल. लोक विचारतात, जायचेच आहे तर एवढा घोळ कशाला, एका ट्रकात सामान भरा आणि निघा. आम्ही एकदा तसे निघालो होतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. रात्री वीज गेली, पहाटे कमरेइतक्या पाण्यातून आम्हाला बाहेर काढून एका मंगल कार्यालयात नेले. शंभरएक माणसे, रडणारी पोरे, जनरेटरची घरघर, अंगावर कुणाचे तरी घोंगडे. मदतीला काही कमी नव्हते. अशा वेळी कोल्हापूरची माणसे जीव टाकतात, गरम पिठलं-भाकरी दारात येत होती. पण माझ्या मुलाने तीन दिवस घास घेतला नाही. तिसऱ्या रात्री त्याने खांबावर डोके आपटून घेतले, कपाळाला सहा टाके पडले. मुलीने कितीतरी वर्षांपूर्वी बंद झालेले कपडे ओले करणे पुन्हा सुरू केले. पूर ओसरला, घर धुऊन निघाले, तरी ती दोघे पूर्ववत व्हायला आठ महिने लागले. पुढे 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच, त्याची उशी आणि तिची कार्डे घेऊन, राजारामपुरीत दिराकडे गेलो. त्या खेपेला टाके पडले नाहीत.

म्हणून या वेळी 2022 च्या दिवाळीपासून तयारी चालली आहे. आधी फक्त फोटो. बहिणीच्या घराचे दार, जिना, न्हाणीघर, झोपायची खोली, सगळ्याचे फोटो काढून वही केली. मग एका दिवसाच्या फेऱ्या, मग एका मुक्कामाच्या. पहिली फेरी डिसेंबरात ठरली आणि नेमकी सीमाप्रश्नावरून एसटी बंद झाली. सीमा हा शब्द आपल्या भागात किती तापलेला आहे हे मला माहीत आहे, त्या वादात मला काही म्हणायचे नाही. एवढेच सांगते की मुलाने कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केला होता, आणि गोल केलेला दिवस आला आणि गेला. पुढचे पंधरा दिवस तो रोज पहाटे बूट घालून दारात बसत होता.

आता आम्ही भाड्याच्या गाडीने जातो, दर वेळी तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर. आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. तिकडच्या न्हाणीघरात इकडच्यासारखीच निळी बादली ठेवली. पंख्याला कुरकुर होती, तो बदलला. कार्डांच्या मागे बहिणीने कन्नड शब्द लिहिले, आमच्यासाठी देवनागरीत आणि तिथल्या माणसांसाठी कन्नड लिपीत. नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको. चौथ्या फेरीत स्वयंपाकघरात मिक्सर लागला तेव्हा मुलगा कान दाबून "साकु" म्हणाला. बहिणीने मिक्सर बंद केला आणि ओट्याला टेकून रडत उभी राहिली. एकतीस वर्षांत त्याने दुसऱ्याच्या भाषेतला उचललेला हा पहिला शब्द.

मोठ्या गोष्टी जमतात, जीव अडकतो तो बारीक गोष्टींत. रोज संध्याकाळी साडेसहाला मुलगा वडिलांबरोबर गंगावेशीत दूध प्यायला जातो. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. रिक्षाचा हॉर्न वाजला की कान झाकणारा हा पोरगा चरवीशी वाकून उभा राहतो. रिकाम्या चरवीत पहिल्या धारा टणटण वाजतात, दूध चढत जाईल तसा आवाज भरदार होत जातो, त्याची बोटे त्या तालावर हलत असतात, आणि धार थांबली की तो म्हणतो, "झालं." दूध देणारे मामा पेला त्याच्या हातात देत नाहीत, कट्ट्यावर ठेवतात, कारण हाताला हात लागलेला त्याला सोसत नाही. हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते, त्यांनी बघून बघून ओळखले. असा एक मामा धारवाडात कुठून आणायचा, याचा विचार मी सामानाच्या यादीपेक्षा जास्त केला आहे. धारवाडची म्हैस नावाजलेली, तिथला पेढा तिच्याच दुधाचा. भाचीने घराजवळच्या एका गवळ्याशी बोलून ठेवले आहे, गेल्या दोन फेऱ्यांत मुलगा तिथे गेलाही. अजून "झालं" म्हणालेला नाही. म्हणेल.

मुलगी केंद्रात फुलवाती वळते. तिच्या 25 च्या पुडीत कधी 24 निघाल्या नाहीत. त्या पुड्या महाद्वार रोडवरच्या एका दुकानात विकल्या जातात आणि महिन्याला जे काही पैसे येतात ते ती स्वतः डब्यात टाकते.

आता मूळ मुद्दा. घरातली, नात्यातली, गल्लीतली तयारी आम्ही करू शकतो आणि केली. जी आम्हाला करता येत नाही ती सरकारी तयारी. तिथे मात्र आम्ही राज्याची हद्द ओलांडली की नव्याने जन्मल्यासारखे होतो.

2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाचे कलम 58 म्हणते की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर वैध राहील. माझ्या दोन्ही मुलांकडे ते प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र) आहे. तरी तिकडच्या एका खिडकीवर मला सांगितले गेले की हे महाराष्ट्राचे आहे, इथे पुन्हा तपासणी करून इथले आणा. मी कलमाचा कागद पुढे केला. समोरच्या माणसाने तो वाचला, बरा माणूस होता, आणि म्हणाला, "खरं आहे अम्मा, पण मला वरून लेखी काही आलेलं नाही." पुन्हा तपासणी म्हणजे काय असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. स्वमग्नतेची आपल्याकडची मोजपट्टी 40 मुद्द्यांची आहे. त्याआधी तासन् तास रांग, अनोळखी खोली, अनोळखी डॉक्टर, आणि आईने मुलाच्या समोर मोठ्याने सांगायचे की त्याला काय काय येत नाही. आम्ही हे एकदा सोडून दोनदा केले आहे. 1995 च्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते, म्हणून थोरल्याला आधी "मतिमंद" असे प्रमाणपत्र मिळाले होते. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आली तेव्हा पुन्हा सगळे करून घेतले. त्या दिवशी रांगेत त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला, तो व्रण आजही आहे. तिसऱ्यांदा मी त्याला त्या खोलीत बसवणार नाही. कायदाही बसवा म्हणत नाही.

दुसरे पालकत्वाचे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेत खाते उघडायला गेल्यावर कळते. राष्ट्रीय न्यास ही अशा व्यक्तींसाठीची केंद्राची संस्था, तिच्या 1999 च्या कायद्याने त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक स्तर समिती ठेवली. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती. आमचे पालकत्वाचे कागद कोल्हापूरच्या समितीचे आहेत. पुढे भाचीचे नाव लावायचे आहे, आणि ते आम्ही हयात असताना, तिला अनुभव येत असताना. अर्ज कोल्हापुरात करायचा तर मुले इथे राहणार नाहीत, धारवाडात करायचा तर मूळ फाईल इथे. दोन्हीकडे विचारले, दोन्हीकडे नम्रपणे दुसरीकडे पाठवले. मध्यंतरी यजमानांना काही झाले असते तर एका बाईच्या सहीवर सगळे तोलले असते.

तिसरे सगळ्यात जिव्हारी लागणारे. तिकडे एका दिवसभराच्या केंद्रात जागा आहे का विचारायला गेलो. "आधी राहायला या, पत्ता बदला, मग नाव लिहून घेऊ." सर्वसामान्य माणसाला हे ठीक आहे. स्वमग्न माणसाला आधी जागा दाखवावी लागते, माणसे दाखवावी लागतात, दारातली चप्पल ठेवायची जागासुद्धा ठरवून द्यावी लागते, तेव्हा तो जायला तयार होतो. इकडची जागा सोडली की ती दुसऱ्या मुलाला जाणार, आणि जायलाच हवी, बाहेर रांग आहे. म्हणजे माझी मुले काही महिने, कदाचित वर्षभर, कुठेच जाणार नाहीत. ज्या मुलीच्या बोटांना सकाळी दहाला कापूस लागतो ती दहाला उठून काय करील?

मला यातले बरेचसे निभावता येईल. पेन्शन आहे, बहीण आहे, कागद वाचायची सवय आहे. आमच्या केंद्रात एक आई आहे, चार घरची धुणीभांडी करते, तिचा 22 वर्षांचा मुलगा माझ्या मुलासारखाच आहे. नवरा गेला. तिचे माहेर निपाणीकडे, भाऊ ये म्हणतात. पण मुलाला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते, त्यावर त्याची फिटची औषधे चालतात. ती गेली तर अनुदान थांबेल, तिकडची पेन्शन कधी सुरू होईल ते कोणी सांगत नाही. आणि तिकडे जमले नाही म्हणून परत यावे, तर इथल्या योजनेला 15 वर्षांच्या वास्तव्याची अट उभी. कोगनोळी नाका ओलांडला की निपाणी, सारे अंतर तासाभराचे. तेवढे ओलांडायची तिची हिंमत होत नाही.

आपल्या देशाला हे जमत नाही असे नाही. रेशनकार्ड आता कुठल्याही राज्यात चालते, 2022 पासून देशातल्या सगळ्या राज्यांत. मोबाईलचा नंबर 2015 पासून राज्य बदलले तरी तोच राहतो. बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या गाडीला 2021 पासून भारत मालिकेचा नंबर मिळतो, म्हणजे राज्य बदलले तरी गाडी पुन्हा नोंदवावी लागत नाही. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंतचा, आमच्या मुलांबरोबर धारवाडला येणार आहे, त्यासाठी मला कोणाच्या पाया पडावे लागले नाही. जिथे ठरवले तिथे झाले आहे.

आणखी एक प्रसंग लिहिते, तो लिहिताना हात थरथरतो. सहाव्या फेरीत हमरस्त्यावर वाहतूक तुंबली होती. तासभर गाडी उभी. मुलाचा तोल सुटला, त्याने दार उघडून उडी मारली आणि रस्त्यावर बसून मनगट चावू लागला. यजमानांनी त्याला मागून मिठीत धरले, तसे घट्ट धरले की तो शांत होतो. भोवती माणसे जमली. त्यांना वाटले की म्हातारा एका पोराला मारतो आहे, पळवून नेतो आहे. एकाने यजमानांची कॉलर धरली, दोघे मोबाईलवर शूटिंग करीत होते. मी मराठीत ओरडत होते, ते कन्नडमध्ये ओरडत होते. गाडीतून मुलगी उतरली आणि तिने गळ्यातल्या गुच्छातले कार्ड काढून त्या माणसापुढे धरले. साकु. त्याने कन्नडमध्ये वाचले आणि कॉलर सोडली. मग त्यानेच गर्दी हटवली, पाण्याची बाटली आणून दिली. त्याच्यावर माझा राग नाही. अनोळखी पोराला वाचवायलाच तो धावला होता. पण घरी केलेल्या एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझ्या नवऱ्याचा जीव वाचावा, हे मला पटत नाही. त्यांच्या बायपासला तेव्हा पाचच महिने झाले होते.

तर महोदय, मागणी काय, ते स्पष्ट लिहिते. कुटुंबाने राज्य बदलण्याच्या सहा महिने आधी आपल्या जिल्ह्यात एक अर्ज द्यावा, आणि तिथून पुढे कागदांनी चालावे, माणसांनी नव्हे. इथल्या कार्यालयाने तिकडच्या कार्यालयाला मुलाची फाईल पाठवावी. त्यात प्रमाणपत्र, पालकत्वाचा आदेश, औषधे, आणि केंद्रातल्या शिक्षिकांनी लिहिलेला वर्षानुवर्षांचा अहवाल असावा. हा अहवाल आमच्याकडे मराठीत आहे, त्याचा दोन पानी सारांश कन्नडमध्ये करून द्यावा. तिकडच्या केंद्रात नाव आधी लिहून घ्यावे आणि राहायला येण्यापूर्वी मुलांना दहाबारा दिवस तिथे बसू द्यावे. ज्यांना अनुदान मिळते त्यांचे इकडचे, तिकडचे सुरू होईपर्यंत थांबवू नये. परत यावे लागले तर वास्तव्याची अट आड येऊ नये. कलम 58 चा साधा लेखी आदेश प्रत्येक खिडकीपर्यंत गेला पाहिजे, कारण खिडकीवरचा माणूस कायद्यावर चालत नाही, आदेशावर चालतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पालकत्वाची फाईल कोणत्या जिल्ह्याने पुढे न्यायची हे राष्ट्रीय न्यासाला लिहून एकदा ठरवून घ्या. आणि दोन्ही भाषांतले, सरकारी शिक्क्याचे, गळ्यात घालता येईल असे एक ओळखपत्र द्या. 112 वर फोन केला तर येणाऱ्या पोलिसाला त्यावरून कळावे की हा माणूस कोण, त्याला कसे धरायचे आणि कसे धरायचे नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. 2016 च्या अधिनियमाचे कलम 80 तुम्हाला असा अधिकार देते की या कायद्याशी विसंगत असलेले धोरण किंवा कार्यपद्धती तुम्ही स्वतःहून शोधावी आणि ती सुधारण्याची शिफारस करावी. कोणाची तक्रार येण्याची वाट बघण्याचे बंधन तुमच्यावर नाही. तरीही ही माझी तक्रार समजा. शाहू महाराजांच्या या गावात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, त्या शिक्षणावर वाढलेली आणि तेच शिकवलेली मी बाई आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचे, असे आम्हाला शिकवले गेले. तेच मी तुमच्याकडे मागते आहे.

दोघांनी एकत्र बसावे, बेळगावात बसलात तर दोघांना सारखेच सोयीचे. आमच्यासारखी कुटुंबे तिथे यायला तयार आहेत. मी आमच्या केंद्रातल्या पालकांशी बोलले आहे. निपाणीच्या माहेरची ती आईही येईल, मी तिला घेऊन येईन.

आमचे जाणे 9 मे ला आहे. मुलाने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेनने गोल केला आहे, त्यामुळे ती आता मागेपुढे होणार नाही. त्याआधी उत्तर आले तर उपकार होतील. मराठीत पाठवा किंवा कन्नडमध्ये, बहीण वाचून दाखवील.

आपली विश्वासू,
दोन स्वमग्न मुलांची आई
शुक्रवार पेठ, कोल्हापूर